सरवा

भुईमूग काढून झाला की रानात सरवा वेचायला बायका येतात. कुणी विधवा, कुणी मजूर, कुणाच्या कडेवर पोर. अशा वेळी बांधावरून "कोण आहे गं ती?" म्हणून खेकसणारे आपल्यातच आहेत, रविवारी उपासनेला पुढच्या रांगेत बसणारेही आहेत. म्हणून आज बवाजाची गोष्ट काढली.

मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याला आज्ञाच आहे. शेताचा कोपरान्‌कोपरा कापू नये, गळालेले वेचू नये, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये. ते परक्याचे, पोरक्याचे, विधवेचे. बवाज याच्याही पुढे गेला. मवाब देशातून आलेली विधवा रूथ आपल्या सासूसाठी, नामीसाठी, बेथलेहेमात सातूचा सरवा वेचीत होती. बवाजाने गड्यांना बजावले, तिला धाक घालू नका. उलट पेंढ्यांतून मुद्दाम थोडे गळू द्या. दुपारी जेवायला बोलावून त्याने तिला हुरडा दिला. सांजेला तिने सरवा झोडला तो एफाभर भरला. नामीलाही नवल वाटले.

यात बवाजाला काय मिळाले? मदत केली म्हणून पीक दुप्पट येईल, असे मी तुम्हांला सांगणार नाही. पण खळ्यावर रास पडल्यावर तो जेवूनखाऊन आनंदाने राशीच्या कडेला झोपला, असे शास्त्रात आहे. शेंग न्‌ शेंग मोजणाऱ्याला अशी झोप लागते का, हे ज्याचे त्याने पाहावे.

नामीच्या नवऱ्याची जमीन सोडवण्याचा पहिला हक्क दुसऱ्याच एका नातलगाचा होता. जमीन म्हणताच तो तयार झाला. जमिनीबरोबर रूथलाही पदरात घ्यावे लागेल हे कळताच, माझ्या वतनाचे नुकसान होईल म्हणून मागे सरला; पायातले पायतण काढून दिले आणि हक्क सोडला. बवाजाने रूथशी लग्न केले. त्यांचा मुलगा ओबेद हा दावीद राजाचा आजा. मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत बवाज आणि रूथ दोघांचीही नावे आहेत. वतन जपणाऱ्या त्या गृहस्थाचे नाव मात्र रूथच्या पुस्तकात कुठेच नाही.

यंदा शेंगा काढाल तेव्हा बांधाकडच्या दोन ओळी पुन्हा उकरू नका. वेचणारीला पाण्याचा तांब्या द्या आणि कोणाची कोण, तेही विचारा. रूथला प्रथम पाहिले तेव्हा बवाजानेही तीच चौकशी केली होती. खेकसून नव्हे, इतकेच.