पंधरा दिवसांची करुणा

परोपकार हा आता परदेशवारीचा एक प्रकार झाला आहे. दुबई झाली, सिंगापूर झाले, आता म्हणे 'व्हॉलंटिअरिंग'. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना दोन-तीन आठवडे कंबोडियात किंवा नेपाळात नेऊन तिथल्या अपंग मुलांच्या शाळेत सेवा करायला लावणारे एजंट निघाले आहेत. सकाळी मुलांशी खेळायचे, दुपारी त्यांच्याकडून चित्रे रंगवून घ्यायची, शनिवार-रविवारी देवळे आणि बाजार पाहायचे, आणि निघताना सर्टिफिकेट. फी घसघशीत असते, कारण ते सर्टिफिकेट पुढे परदेशी कॉलेजच्या अर्जाला जोडायचे असते. आमच्या सीमाभागातली सुखवस्तू मराठी घरेही आता या रांगेत उभी राहू लागली आहेत आणि शिफारसपत्रावर मुख्याध्यापकाची सही लागते म्हणून हा विषय माझ्या टेबलावर येतो.

मला जे म्हणायचे आहे ते आडपडदा न ठेवता सांगतो. ज्याला त्या मुलांची भाषा येत नाही, ज्याने त्या कामाचे शिक्षण घेतलेले नाही आणि जो पंधरा दिवसांत निघून जाणार आहे, त्याने अपंग मुलांच्या शाळेत जाऊन केलेल्या गोष्टीला सेवा म्हणू नये. ती त्या मुलांना मोजावी लागणारी आपली हौस आहे. हे कोणाला कठोर वाटेल. पण मुलांचे भले आणि मोठ्यांचे मन यांपैकी एकच राखता येत असेल, तर शिक्षकाने काय राखावे, हे सांगायला नको.

नेहमीच्या शाळेत एक मास्तर गेला आणि दुसरा आला, तर मुले चार दिवस कुरकुरतात आणि रुळतात. विशेष मुलांच्या शाळेत तसे होत नाही. शर्टाचे बटण लावणे एवढीच गोष्ट घ्या. ज्याची बौद्धिक वाढ मंद आहे त्या मुलाला ती शिकवताना तिचे लहान लहान तुकडे करावे लागतात. काठ धरायचा, काज शोधायचे, बटण अर्धे आत सारायचे, पलीकडून ओढायचे. प्रत्येक तुकड्याला ठरलेला शब्द आणि ठरलेला स्पर्श असतो. पुष्कळदा तर शेवटच्या तुकड्यापासून उलटे शिकवत येतात. बाई सगळे करतात आणि शेवटची ओढ तेवढी मुलाने द्यायची, म्हणजे काम पुरे केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. असे महिनेच्या महिने चालते. मध्येच एक हौशी पाहुणा येतो आणि प्रेमाने त्या मुलाची सगळी बटणे भराभर लावून देतो. पाहुण्याला वाटते, आपण मदत केली. बाईंना कळते, आपली दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

स्वमग्न मुलाला तर रोजचा क्रम म्हणजे पायाखालची जमीन. तेच दार, तीच जागा, तोच आवाज. दर पंधरवड्याला नवे चेहरे, नवी गाणी आणि नवे अत्तर घेऊन येणारी मंडळी त्याच्या पायाखालची जमीन दर पंधरवड्याला हलवतात. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाला भरवणे हे दिसायला किती साधे! पण त्याची मान मागे कललेली असताना घास दिला, तर तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो. मान कशी धरायची, चमचा कुठून आणायचा, घास गिळला की नाही हे कसे ओळखायचे, याचे शिक्षण घ्यावे लागते. मन कितीही मायाळू असले तरी हाताला ते आपोआप येत नाही.

आणि भाषेचे काय? हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळायला हवा? १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हापासून या भागातली मराठी माणसे एकच गोष्ट सांगत आली आहेत, की मूल त्याच्या घरच्या भाषेतून शिकले पाहिजे. जे मूल ठणठणीत आहे, ज्याला दोन भाषा सहज पेलतात, त्याच्यासाठी आपण हा आग्रह धरतो. मग ज्या मुलाला एक शब्द पक्का व्हायला सहा महिने लागतात, त्याच्यापुढे ख्मेर भाषेचे अक्षरही न येणारी आपली मुलगी इंग्रजी गाणी घेऊन उभी राहते, तेव्हा आपला तो आग्रह कुठे जातो? कोणी म्हणेल, बहिऱ्या मुलांना भाषा कशाला, खुणांनी भागते. हे घोर अज्ञान आहे. बहिऱ्यांच्या खुणांची भाषा ही पूर्ण भाषा असते आणि ती देशोदेशी वेगळी असते. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत बोलतात इंग्रजी, पण तिथल्या बहिऱ्यांच्या भाषा इतक्या निराळ्या आहेत की एकाचे दुसऱ्याला उमगत नाही.

आता ज्या कंबोडियाकडे ही विमाने जातात त्या देशाकडे पाहू. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत तिथले शिक्षक वेचून मारले गेले आणि शाळा बंद पडल्या. पुढे वर्षानुवर्षे भूसुरुंगांनी माणसांचे हातपाय नेले. अशा देशाबद्दल जगाला कणव वाटावी हे योग्यच. पण शांतता आली, अंगकोरची देवळे पाहायला पर्यटकांची रीघ लागली, आणि त्या कणवेचा बाजार झाला. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथली बालगृहे पाऊणपट वाढली. याच काळात देशात ना युद्ध होते ना दुष्काळ. २०११ साली युनिसेफने दाखवून दिले, की त्यांतल्या सुमारे बारा हजार मुलांपैकी चारांतल्या तिघांचे आई किंवा वडील हयात आहेत. मग ही 'अनाथ' मुले आली कुठून? गरीब आईबापांना सांगितले गेले, की मुलाला आमच्याकडे ठेवा, शाळा मिळेल, इंग्रजी मिळेल. पैसा मुलांपाशी येत होता, म्हणून मुले गोळा केली गेली. पाहुणे वाढले तशी बालगृहे वाढली.

अपंग मूल या व्यवहारात सर्वांत आधी सापडते. त्याच्या गावात त्याच्यासाठी शाळा नसते, उपचार नसतात, आणि आईला मजुरीला जाणे भाग असते. घरापासून दूर असलेली निवासी संस्था हाच तिच्यापुढचा एकमेव मार्ग उरतो. जो पैसा त्या गावच्या शाळेत एक प्रशिक्षित बाई नेमायला लागला असता, तो पाहुण्यांच्या विमानात, हॉटेलात आणि एजंटाच्या खिशात जातो. आईची माया आईपाशी ठेवायला कोणी पैसे देत नाही. तिच्या मुलाला मिठी मारायला मात्र लोक हजारो मैल येतात.

त्या मिठीविषयीही दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण परत आलेली प्रत्येक मुलगी तेच सांगते, "पहिल्याच दिवशी मुले धावत येऊन बिलगली!" आणि आपले डोळे पाणावतात. रुमानियात १९८९ च्या डिसेंबरात चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या बालगृहांची दारे उघडली. अपंग मुलांवर 'सुधारण्यापलीकडची' असा शिक्का मारून त्यांना वेगळ्या इमारतींत कोंडून ठेवलेले होते. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञांनी बुखारेस्टच्या बालगृहांतल्या १३६ लहान मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. निम्मी मुले चिठ्ठ्या टाकावी तशी निवडून पालक-कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी आणि मन दोन्ही सुधारली, आणि जितक्या लहान वयात गेली तितकी अधिक सुधारली. या संस्थांतल्या मुलांत एक लक्षण वारंवार दिसे. ओळखदेख नसलेल्या कोणाच्याही गळ्यात ती पडत, कोणाचेही बोट धरून चालू लागत. वैद्यकात याची गणना आजारात होते. आपले माणूस कोण आणि परके कोण, हे शिकायची संधीच ज्याला मिळाली नाही, त्याची ती खूण असते. तुमच्या घरातला चार वर्षांचा नातू अनोळखी पाहुण्याला पाहून आजीच्या पदराआड लपतो. तो निरोगी आहे. जे मूल पाहता क्षणी बिलगते, त्याच्यापाशी पदर नाही. दर पंधरवड्याला नवा पाहुणा येतो, लळा लावतो आणि जातो, तेव्हा ती जखम पुन्हा उघडते.

कंबोडियात २०११ साली एका संस्थेने भिंतींवर पत्रके लावली. काचेच्या पेटीत मुले बसवली आहेत आणि बाहेरून पर्यटक फोटो काढत आहेत. मुले ही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत, असा त्याचा आशय. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेपासून आणि पर्यटनापासून होणाऱ्या हानीची नोंद घेतली. जगाला जे कळले ते आमच्या एजंटांना कळू नये, यात नवल नाही. पण पालकांना कळायला काय हरकत आहे?

आता याच चित्राची उलटी बाजू पाहा. इंग्लंडच्या वा स्कॉटलंडच्या अपंग मुलांच्या शाळेत तुमच्या मुलीने "पंधरा दिवस खेळायला येते" असे पत्र पाठवून पाहावे. आधी पोलिसांच्या नोंदी तपासतील, ओळखीच्यांची पत्रे मागतील, प्रशिक्षण देतील, आणि मुलांसोबत एकटीला सोडणार नाहीत. मुलांचे फोटो काढायचा तर विषयच नाही. आपल्या देशातही १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याने, नोंदणी नसलेल्या माणसाने पुनर्वास-व्यावसायिक म्हणून काम करणे हा गुन्हा ठरवला आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद वा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. विशेष शिक्षक त्यातच येतात. म्हणजे बी.एड. झालेल्या आमच्या मास्तराला ही पात्रता घेतल्यावाचून विशेष शिक्षक म्हणवता येत नाही, आणि बारावीचा निकाल लागायच्या आत आमचा पोरगा परदेशात जाऊन मतिमंद मुलांचा 'टीचर' होतो! श्रीमंत देशांतल्या मुलांभोवती कुंपण आहे आणि गरीब देशांतल्या मुलांना तिकीट लावले आहे. वर्षानुवर्षे गोरे लोक आपल्याकडे असे येत होते तेव्हा आपल्याला ते खुपत होते. आता चार पैसे हाती येताच आपणही आपल्याहून दुबळा देश शोधू लागलो, याची लाज वाटायला हवी.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की मुलांवर चांगले संस्कार होतात. होत असतील. पण कोणाच्या मुलांवर आणि कोणाच्या जिवावर? अपंग मुलांची शाळा ही आपल्या मुलांच्या संस्कारांची प्रयोगशाळा नव्हे. दुसरा आक्षेप, काहीच न करण्यापेक्षा थोडे बरे. रोग्याबाबत आपण असे म्हणतो का? डॉक्टर नाही तर नाही, निदान कोणी हौशी माणसाने चार टाके घालावेत, असे?

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. परदेशी माणसांनीच तर आपल्याकडे अंधांच्या, बहिऱ्यांच्या शाळा काढल्या! खरे आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली, दुष्काळाने पोरक्या झालेल्या अंध मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. पण त्या काळी मिशनरी येत ते इथली भाषा शिकून वर्षानुवर्षे राहायला येत. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल आपले मत काहीही असो, पंधरा दिवसांनी परतीचे तिकीट त्यांच्या खिशात नव्हते. ॲन सलिव्हन ही १८८७ च्या मार्चमध्ये हेलन केलरच्या घरी गेली आणि १९३६ साली मरेपर्यंत तिच्याबरोबर राहिली. एका मुलीसाठी एकोणपन्नास वर्षे! आणि कंबोडियातलेच उदाहरण हवे तर क्रुसार थ्माय या संस्थेचे घ्या. १९९१ साली एका फ्रेंच तरुणाने ती सुरू केली. १९९४ मध्ये अंध मुलांची आणि १९९७ मध्ये बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. ख्मेर लिपीचे ब्रेल तयार झाले, कंबोडियन शिक्षक घडवले गेले, आणि २०१९ मध्ये त्या शाळा तिथल्या सरकारच्या स्वाधीन करण्यात आल्या. परक्या माणसाची खरी सेवा अशी ओळखावी, की तो गेल्यावर काम थांबत नाही.

तेव्हा परदेशी जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याला जायचे त्याने आधी विशेष शिक्षणाची, फिजिओथेरपीची वा वाचा-उपचाराची पदवी घ्यावी, तिथली भाषा शिकावी, निदान एक-दोन वर्षे राहावे, आणि मुलांच्या मांडीला मांडी लावून बसण्यापेक्षा तिथल्या शिक्षकांच्या हाताखाली काम करावे. हे जमत नसेल तर देश पाहायला खुशाल जावे, देवळे पाहावीत, तिथल्या खाणावळीत जेवावे. पर्यटक असणे हा गुन्हा नाही. पर्यटकाने सेवकाचा वेश घेणे हा दंभ आहे.

आणि करुणा उतू जातच असेल, तर तिला पासपोर्ट लागत नाही. आपल्याच गल्लीत एखादे असे मूल असते. घरात आई मराठी बोलते, शाळेत कन्नड, आणि उपचार करणाऱ्या बाई सांगतात इंग्रजीत. त्या बापड्याने कोणत्या भाषेत 'पाणी' म्हणावे? त्या आईला सहा महिन्यांत एक दिवस सुट्टी मिळत नाही, लग्नकार्याला जाता येत नाही. तिच्या शेजारणीने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, त्या आईकडून नीट शिकून घेऊन, दोन तास त्या मुलापाशी बसावे. पंधरा दिवस नव्हे, पंधरा वर्षे. त्याचे सर्टिफिकेट कोणी देणार नाही, फोटोही निघणार नाही. परदेशवारीच्या खर्चात आपल्या तालुक्यातली एखादी मुलगी विशेष शिक्षणाच्या पदविकेला पाठवता येईल, आणि ती पुढची तीस वर्षे इथेच, इथल्या भाषेत शिकवील. हे करायला कितीजण पुढे येतात, त्यावरून आपली करुणा किती खरी होती ते ठरेल.