कष्टांचे चीज

'चीज' हा शब्द मराठीला नवा नाही. फारसीतून तो केव्हाच आपल्याकडे आला. गवई गातो ती चीज आणि कष्टांचे होते तेही चीज. पाडव्याच्या रात्री आमच्या कन्येने तिसरेच चीज घरात आणले.

"बाबा, उद्या आत्या येईल तेव्हा चकली-चिवडा नको. फराळानं सगळ्यांची पोटं आधीच तुडुंब असतात. मी चीज आणि फळांचं ताट मांडणार!"

द्राक्षे आणण्याची कामगिरी माझ्याकडे आली. फळवाला हसून म्हणाला, "साहेब, नाशिकच्या द्राक्षांना अजून अवकाश आहे. पेरू न्या." मी पेरू, डाळिंबे, चिकू आणि काश्मिरी सफरचंदे घेऊन परतलो.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. गार चीजला चव नसते म्हणून ते तासभर आधी फ्रिजबाहेर आले. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाच्या पाण्यात बुडाल्या. ताटात एका बाजूला आपल्याकडचे साधे चौकोनी चीज, मध्ये पिवळसर गौडा आणि मानाच्या जागी, मेहुण्यांनी इटलीहून आणलेला कडक पार्मेजानचा तुकडा. भोवती अक्रोड आणि सुके अंजीर. चित्र मोठे देखणे होते.

आई चष्मा पुसत जवळ आली. "हे कसं करतात ग?"

"दूध नासवून, आजी."

"ते कळलं. पण कशानं नासवतात? लिंबानं, की ताकानं?"

कन्येने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत 'सांगू नका' असे स्पष्ट लिहिले होते. कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होते. दूध घट्ट करणारे रेनेट पूर्वापार वासराच्या जठरातून काढतात, आणि अस्सल पार्मेजानला परंपरेच्या नियमाने तेच लागते. आईने जन्मात एकादशी चुकवलेली नाही. सांगावे, तर जावयाच्या भेटीचा अपमान आणि पोरीच्या हौसेवर पाणी. न सांगावे, तर ती आमच्यावर विसंबून एक तुकडा तोंडात टाकणार. वर्गात पंचवीस वर्षे मी सत्यावर व्याख्याने झोडली. घरात मात्र दोन मिनिटे घसा खाकरत उभा राहिलो.

शेवटी सांगितले. सगळे सांगितले. बाकीच्या दोन पाकिटांवर हिरवा ठिपका आहे, त्यांतले रेनेट सूक्ष्मजंतूंपासून मिळवलेले असते, हेही सांगितले.

आई रागावली नाही. म्हणाली, "तो तुकडा वेगळ्या बशीत ठेव, सुरीही वेगळी. टाकू नका, प्रेमानं आणलाय. पण येणाऱ्याला सांगा. खाणाऱ्याला ठाऊक असलं म्हणजे झालं."

कन्येने मुकाट्याने तीन चिठ्ठ्या लिहिल्या आणि एकेका चीजपुढे लावल्या.

ओवाळणी झाली. मेहुण्यांनी सवयीने त्या बशीकडे हात नेला, चिठ्ठी वाचली आणि हात तसाच राहिला. आमच्या आईइतकेच तेही शुद्ध शाकाहारी!

"अहो, मी तर हे दरवर्षी खातोय!"

माझी बहीण हसू दाबत होती. मी ताटाकडे पाहत राहिलो. आईच पुढे झाली.

"नकळत खाल्लंत, त्याचा दोष नाही, जावईबापू. आता कळलंय, पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. तोवर हा पेरू घ्या, तिखटमीठ लावलंय."

मेहुण्यांनी पेरू घेतला. मग त्याच्यासोबत साध्या चीजचा तुकडा घेतला, आणि दुसरा मागितला. ते पाहून आईनेही एक चौकोन उचलला, चावला आणि बराच वेळ विचार केला.

"खारट आहे," ती म्हणाली, "पण पेरूबरोबर बरं लागतं."

कन्येचा चेहरा असा उजळला की, तिच्या कष्टांचे कोणत्या अर्थाने चीज झाले, हे मराठीच्या प्राध्यापकालाही सांगता येईना.