आभासी म्हणजे खोटे नव्हे

इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द देताना आपण कधी कधी फार घाई करतो. 'व्हर्च्युअल'ला 'आभासी' म्हटले आणि आपण मोकळे झालो. आभास म्हटला की डोळ्यांपुढे येते मृगजळ: दिसते, पण तहान भागवत नाही. निदान संगणकाच्या जाळ्यापुरता तरी हा शब्द दिशाभूल करणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या दिशाभुलीची किंमत आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना मोजावी लागते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९९१ साली जन्मलेली लिनक्स प्रणाली कोणालाही फुकट मिळते. तिच्या काळ्या पडद्यावर नुसत्या आज्ञा लिहून अख्खे जाळे उभारता येते. 'आयपी नेटएनएस ॲड' ही आज्ञा दोनदा दिली की एकाच यंत्रात दोन स्वतंत्र खोल्या तयार होतात. प्रत्येकीचे पत्ते वेगळे, रस्ते वेगळे. 'आयपी लिंक ॲड' या आज्ञेने 'व्हेथ' नावाची जोडी मिळते. ही जणू दोन टोकांची तार; एका टोकात घातलेला संदेश दुसऱ्यातून बाहेर पडतो. अशा दोन तारा घ्याव्यात. त्याच आज्ञेने एक 'ब्रिज', म्हणजे पूल बांधावा. प्रत्येक तारेचे एक टोक पुलाला जोडावे, दुसरे एकेका खोलीत सोडावे. खोल्यांतील टोकांना १०.०.०.१ आणि १०.०.०.२ असे पत्ते द्यावेत आणि सर्व टोकांना व पुलालाही 'अप' म्हणावे. कारण येथे नवी वस्तू जन्मते ती निजलेलीच. एवढे झाले की एका खोलीतून 'पिंग' करताच दुसरी उत्तर देते.

यात खोटे काय आहे? तार तांब्याची नाही, एवढेच! कोणता पत्ता कोणत्या दारातून आला हे पूल लक्षात ठेवतो, आणि साधारण ३०० सेकंद त्याची हालचाल दिसली नाही तर विसरतो. बाजारातला स्विच तरी याहून वेगळे काय करतो? २०१३ साली आलेले 'डॉकर' याच पुलावर आपला संसार मांडते.

"पण कलेच्या विद्यार्थ्याला हे कशाला?" हा प्रश्न नेहमीचा आहे. मला वाटते, ही आज्ञांची भाषा आहे आणि भाषा हा तर आमचाच विषय! कर्म कोणते, क्रियापद कोणते, क्रम चुकला तर अर्थ कसा बिघडतो, हे व्याकरण शिकलेल्याला लवकर कळावे. दोन पूल दोन तारांनी जोडले तर संदेश गोल गोल फिरत राहतो आणि जाळे गुदमरते. यावरचा उपाय १९८५ साली रेडिया पर्लमन या विदुषीने शोधला, आणि आपल्या शोधनिबंधाच्या आरंभी सारांशाऐवजी चक्क कविता लिहिली! विज्ञान आणि कविता यांच्यामधली भिंत तिला दिसली नाही; ती आपणच का बांधावी?

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेचा: असे प्रयोग करायला यंत्राचे सर्वाधिकार लागतात, मुले गोंधळ घालतील. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. यंत्राचे खरे कार्ड पुलाला जोडले की त्याचा पत्ताही पुलाकडे न्यावा लागतो. नाहीतर यंत्र जाळ्यातून तुटते. दूर बसून हे करणाऱ्याने तर बसल्या फांदीवरच कुऱ्हाड घातली म्हणायची! पण म्हणून शिकूच नये काय? महाविद्यालयाच्या जाळ्याला न जोडलेले एक जुने यंत्र बाजूला ठेवावे. अशा आज्ञांनी उभारलेले सारे यंत्र पुन्हा सुरू करताच पुसले जाते; पाटी कोरी. चुका करून शिकण्यास याहून स्वस्त जागा कोठे मिळणार?

मित्रहो, आपले पत्र, आपला पैसा, आपला निकाल आज अशाच पुलांवरून जातो. ज्या पुलावरून रोज जायचे, तो कसा बांधला आहे हे फक्त मूठभरांनाच ठाऊक असावे, हे मला मान्य नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: एक जुने यंत्र, आठवड्याचा एक तास, आणि दारावर 'फक्त विज्ञान शाखेसाठी' ही पाटी नको.

(तृतीय वर्ष, कला)