समुद्राला फाटक कोणी लावलं?

मांडव्याच्या लाँचसाठी गेटवेला रांगेत उभे राहाल तेव्हा जवळच्या ‘जुना यॉट क्लब’कडे एकदा बघा. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा. ही त्याची समुद्रालगतची ऐटबाज वास्तू. गोऱ्या साहेबांची मिरासदारी. हिंदी माणूस आत जायचा तो बहुधा हातात ट्रे घेऊन. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था इथे आली. जिथे साहेब पेग रिचवत होते तिथे पोरं फळ्यावर गणितं मांडू लागली. भाभा चित्रांचे शौकीन, संस्थेसाठी चित्रंही विकत घेत. १९६२ साली संस्था कुलाब्याच्या टोकाला नव्या इमारतीत गेली आणि जुनी वास्तू अणुऊर्जा विभागाकडे राहिली.

क्लब देशाचा झाला, छान झालं. पण रांगेतल्या माणसाला दार अजून बंदच आहे. अणुऊर्जेच्या दारात पहारा असणार, त्याबद्दल तक्रार नाही. माझं भांडण पलीकडच्या किनाऱ्याशी आहे.

मी अलिबाग तालुक्यातला. मांडवा, सासवणे, आवास, किहीम हा आमचा पट्टा. २०२० साली रो-रो सुरू झाली, मुंबईची गाडी थेट बोटीतून उतरू लागली आणि आधीच चढलेले जमिनीचे भाव आणखी चढले. नारळी-पोफळीच्या वाड्या गेल्या, दगडी कुंपणं आली. लहानपणी आम्ही ज्या वहिवाटीच्या वाटेने किनाऱ्यावर उतरायचो तिच्या तोंडाशी आज लोखंडी फाटक आहे. आतला वॉचमन आमच्याच शेजारच्या गावचा. तो मला नावाने ओळखतो, आणि खाली मान घालून सांगतो, “भाऊ, शेठ आलेत, आज नको.”

भरतीच्या रेषेखालची वाळू कोणा शेठची नाही, ती सरकारची, म्हणजे तुमची-माझी. पण तिथे पोहोचायची वाटच बुजवली तर सातबाऱ्यावर वाळू कोणाची आहे याला काय अर्थ? यॉट क्लबला निदान नियमावली होती, कोण आत आणि कोण बाहेर हे लिहिलेलं होतं. इथे पाटीसुद्धा नाही.

“सगळ्यांना सोडलं की घाण होते,” हे उत्तर मला नेहमी ऐकवलं जातं. होते, खोटं कशाला बोला. रविवार संध्याकाळचा किहीमचा किनारा बघून मलाही वैताग येतो. पण संडास नाहीत, कचऱ्याच्या पेट्या नाहीत, त्या उचलायला माणूस नाही. याचा राग फिरायला आलेल्या कुटुंबावर काढायचा? आणि “बंगल्यांमुळे रोजगार मिळतो” म्हणणाऱ्यांनी त्या रोजगारांची यादी करावी. माळी, वॉचमन, भांडीवाली. आमच्या पोरांनी एवढंच व्हायचं का?

दार उघडं ठेवून काय होतं ते याच पट्ट्यात दिसतं. सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आज शिल्पालय आहे. पुण्यातला १९२८चा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पोरवयात त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी या मुलाला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. ती भिंत एखाद्या खाजगी कंपाउंडच्या आत असती तर? शिल्पालयात जायला सभासद असावं लागत नाही. तिथली म्हैस बघून शाळेची पोरं तिच्या पाठीवर हात फिरवायला धावतात.

अलिबागचा कुलाबा किल्लाही ओहोटी लागली की कोणालाही चालत गाठता येतो. आंग्र्यांचं आरमार जिथे होतं तिथे घोडागाडीवाला, कॉलेजची पोरं, शेंगदाणेवाली सगळी असतात.

मागणी साधी आहे. तहसील कार्यालयाने मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत किनाऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक वहिवाटीच्या वाटेची मोजणी करावी, नकाशा ग्रामपंचायतीबाहेर लावावा आणि वाटेच्या तोंडाशी पाटी ठोकावी. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कोणालाही कसली मेंबरशिप लागत नाही. पुढच्या सभेला मी अर्ज घेऊन जाणार आहे. सह्यांसाठी मागे दोन कोरे कागद जोडलेत.