सॉफ्टवेअर निवडण्याआधी ‘वऱ्हाड’ लिहून पाहा

दहावी-बारावी झालेली मुलं हल्ली एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, ग्राफिक्सचं काही शिकायचं आहे, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" आमच्या अचलपूर-परतवाड्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप, आणि तेही कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेलं, कुलूप तोडलेलं. मुलगा फ्लेक्सच्या दुकानात बसतो, लग्नाच्या पत्रिका आणि वाढदिवसाचे बोर्ड करतो आणि तिथेच थांबतो. त्याच्या हातात हुनर असतो. पण चित्र प्रोग्राम लिहूनही काढता येतं, त्यासाठी शेकडो साधनं कायदेशीरपणे मोफत मिळतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

माझं मत असं की आपण प्रश्नच उलट्या क्रमाने विचारतो. आधी सॉफ्टवेअरचं नाव नको. आधी काम काय ते ठरवा. मग ते साधन आपली अक्षरं नीट काढतं का ते तपासा. मग परवाना बघा. नाव सगळ्यात शेवटी.

अक्षरांची अट दुसऱ्याच क्रमांकावर का? मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. वर्गात लावायच्या आकृतीवर दोन्ही भाषांत नावं लागतात, आणि तिथेच बहुतेक साधनांची गाडी अडते. इंग्रजी अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम होतं. आपल्या लिप्या तशा नाहीत. ‘शिक्षण’मधली पहिली वेलांटी संगणकाच्या साठवणीत ‘श’च्या नंतर असते, दिसताना मात्र ती आधी यावी लागते. उर्दूत तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळा आकार घेतं. शिवाय नस्तालिकमध्ये प्रत्येक शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो.

या उतारामुळेच उर्दू छपाई फार काळ कातिबांच्या हातात राहिली. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या मदतीने नूरी नस्तालिक तयार केलं. त्यासाठी सुमारे वीस हजार जोडाकार हाताने लिहून काढावे लागले. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीचं इनपेज आलं आणि उर्दू दैनिकांपासून मोहल्ल्यातल्या प्रेसपर्यंत सगळे त्यावर गेले. उपकार मोठे आहेत. पण जुन्या इनपेजमधला मजकूर त्याच्याच कोठडीत बंद होता. दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेला की त्याचा कचरा होई. मराठी डीटीपीवाल्यांना हे दुखणं नवं नाही. युनिकोडपूर्व फाँटमधला मजकूर मेलवर पाठवला की समोरच्याला काय दिसायचं, ते आठवून पाहा.

आज ही अडचण बरीच सुटली आहे, आणि ती सोडवणाऱ्या साधनाचं नाव आपल्याला ओळखीचं वाटावं असं आहे: हार्फबझ. मूळ फारसी शब्द ‘हर्फ’ आणि ‘बाझ’, म्हणजे अक्षर आणि खुलं. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरचा त्यात सिंहाचा वाटा आहे. कोणतं अक्षर कुठे आणि कोणत्या आकारात बसवायचं, एवढंच काम ही लायब्ररी करते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस या सगळ्यांच्या पोटात ती आहे. तीच ‘शिक्षण’ बरोबर जुळवते आणि तीच नस्तालिक उतरवते. म्हणून ग्राफिक्सची कोणतीही लायब्ररी घेताना मी पहिला प्रश्न विचारतो: हिच्यात हार्फबझ आहे का?

पायथनमध्ये चित्रं तयार करायला पिलो चांगली, पण तिच्यात अक्षरमांडणीचे दोन मार्ग आहेत. साध्या मार्गाने मराठीच्या वेलांट्या चुकतात आणि उर्दूची अक्षरं सुटी पडतात. ‘राक्म’ नावाचा दुसरा मार्ग हार्फबझ वापरतो, तो चालू आहे याची खात्री करूनच पुढे जावं. ओपनसीव्ही ही फोटोतल्या वस्तू ओळखायला उत्तम, पण तिच्या अक्षर लिहिण्याच्या नेहमीच्या आज्ञेला देवनागरी दिली की प्रश्नचिन्हं उमटतात. तिथे वस्तू ओळखण्याचं काम ओपनसीव्हीकडे आणि लिहिण्याचं पिलोकडे द्यावं. खेळ तयार करायचा असेल तर गोडो घ्या. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्याही त्याला कळतात. छापायच्या आकृत्या हाताने काढायच्या असतील तर इंकस्केप आहे.

सुरुवात करणाऱ्याने मात्र पी५.जेएस घ्यावं, असं मी सांगतो. एमआयटीत २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी कलावंतांसाठी प्रोसेसिंग सुरू केलं. त्याचंच हे ब्राउझरमधलं रूप लॉरेन मॅकार्थी यांनी पुढे आणलं. फाँट सीएसएसमधून दिला की अक्षरं ब्राउझर काढतो, त्यामुळे मराठी आणि उर्दू दोन्ही सरळ येतात. देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आणि उर्दूसाठी नोटो नस्तालिक, दोन्ही मोफत आहेत. दुसरी गोष्ट माझ्यासाठी जास्त महत्त्वाची. हे मोबाइलच्या ब्राउझरवरही चालतं. ज्या मुलीला संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासला पाठवत नाहीत, तीही घरातल्या फोनवर पहिली रेघ काढू शकते.

आणि काढायला विषय कमी आहेत का? आमचा हौज कटोरा अष्टकोनी आहे. ३६० भागिले ८ म्हणजे ४५. एक बाजू चाला, ४५ अंश वळा, असं आठ वेळा करा. प्रोग्राममध्ये हे चार ओळींचं काम आहे. अष्टकोन जमला की तोच फिरवून, पुन्हा पुन्हा मांडून जाळीची नक्षी होते. भूमिती, इमारत आणि प्रोग्रामिंग एका तासात शिकवता येतं. अल्-ख्वारिज्मीच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ शब्द आला हे आपण जलशांत अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण भाषण ऐकणाऱ्या पोट्ट्याने स्वतः एक अल्गोरिदम लिहिला नसेल, तर त्या अभिमानाचं करायचं काय?

यावर पालकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. "सर, दुकानात काम तर कोरलवरच मिळतं." खरं आहे, आणि पोटाचा प्रश्न मी हलका समजत नाही. कोरलही शिका. पण तोडलेलं सॉफ्टवेअर आणि मुक्त सॉफ्टवेअर यांतला फरक मुलाला समजू द्या. पहिलं चोरीचं आहे, व्हायरस घेऊन येतं, आणि उद्या मोठ्या कंपनीत त्यावर केलेलं काम दाखवता येत नाही. दुसरं बनवणाऱ्याने स्वखुशीने दिलेलं असतं, उघडून आतून पाहता येतं आणि परवाना पाळून धंद्यातही वापरता येतं. हलाल कमाईबद्दल आपण मुलांशी इतकं बोलतो, त्यात ही गोष्ट यायला हवी.

साधन पारखताना आणखी तीन गोष्टी बघा. शेवटची आवृत्ती कधी आली, कारण कुणी सांभाळत नसलेली लायब्ररी अर्ध्या वाटेत सोडते. माहितीपुस्तिकेत चालणारी उदाहरणं आहेत का. आणि इंटरनेट नसताना, जुन्या संगणकावर ते चालतं का. आपल्याकडे हा तिसरा मुद्दा निर्णायक ठरतो.

लिपीची परीक्षा तर दोन मिनिटांची आहे. त्या साधनात ‘वऱ्हाड’ लिहा. ‘ह’च्या आधी ती वळलेली रेघ यायला हवी, ठिपकेवाला सुटा ‘र’ नको. मग उर्दूत ‘अचलपूर’ लिहा. चे, लाम, पे आणि वाव ही चार अक्षरं जोडलेली आणि उतरती दिसायला हवीत. दोन्ही शब्द बरोबर आले तर पुढे जा. नाही आले, तर त्या साधनाचं नाव कितीही मोठं असो, आकृतीवरची नावं शेवटी इंग्रजीतच राहतील, आणि आपली मुलं ती दुसऱ्याची म्हणूनच बघतील.