द्राक्षाच्या नावाने मद्याचे माहात्म्य

नाशिकच्या तीर्थयात्रेला अलीकडच्या काळात एक नवे उपतीर्थ जोडले गेले आहे. रामकुंडावर स्नान, काळारामाचे दर्शन, त्र्यंबकेश्वराला अभिषेक आणि मग गंगापूर धरणाच्या काठावर एखाद्या वाइनरीची 'मार्गदर्शकासह फेरी'! मुंबई-पुण्याच्या धनिकांपुरती असलेली ही हौस आता मराठवाड्यापर्यंत पोहोचली आहे. तपोवन एक्स्प्रेसने नांदेडहून निघालेली, लातूरहून गाडी करून आलेली सुशिक्षित कुटुंबे मुलाबाळांसह या फेरीला जातात आणि 'कृषी पर्यटन' केल्याचे समाधान घेऊन परततात. हा प्रत्येकाच्या खाजगी आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असे म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु ज्या उद्योगाला राज्याच्या तिजोरीतून करसवलती मिळतात आणि जो शेतकऱ्याचे नाव पुढे करून त्या मागतो, त्याच्या प्रदर्शनाकडे समाजाने डोळसपणे पाहिलेच पाहिजे.

प्रथम या फेरीचे स्वरूप समजून घेऊ. एक तरुण, बोलका मार्गदर्शक दहा-पंधरा जणांचा जथा घेऊन बागेत शिरतो. शिस्तीत उभ्या असलेल्या वेलींच्या ओळी, त्यांच्यामधून फिरणाऱ्या ठिबकच्या नळ्या, शिराझ, कॅबर्नेट सोव्हिन्याँ, शेनिन ब्लाँ ही परदेशी वाणांची नावे यांची ओळख होते. मग कारखाना. द्राक्षांचे देठ वेगळे करणारे यंत्र, थंड ठेवलेल्या पोलादी टाक्या, यीस्टमुळे साखरेचा होणारा मद्यार्क, पांढऱ्या वाइनसाठी आधीच बाजूला काढलेली साल आणि लाल वाइनसाठी रसातच आंबत ठेवलेली साल, ओक लाकडाची पिंपे. शेवटी चव घेण्याचे दालन. पेला कसा धरावा, कसा फिरवावा, वास कसा घ्यावा, घोट जिभेवर कसा घोळवावा, याचे पाठ तेथे दिले जातात. माहिती रंजक असते, परिसर नेटका असतो, वागणूक सौजन्याची असते. यात दोष काढण्यासारखे काही नाही. दोष आहे तो या सर्व मांडणीच्या हेतूत. आपल्या समाजात मद्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या जी लाज उभी होती, ती या तासाभरात अलगद उतरवून ठेवली जाते. गुत्त्यात जाणारा मनुष्य तोंड लपवून जात असे. येथे तोच मनुष्य पत्नीसह छायाचित्र काढून घेतो. पेय तेच, नशा तीच. बदलला आहे तो फक्त मखर.

'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य २०२२मध्ये महाराष्ट्राने सत्ताधाऱ्यांच्याच तोंडून ऐकले. या विधानाला साध्या अंकगणिताने उत्तर देता येते. १३ टक्के मद्यार्क असलेल्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक पेला घ्या. त्यात शुद्ध मद्यार्क साडेएकोणीस मिलिलिटर असतो. आपल्याकडील बाटलीबंद व्हिस्कीत ४२.८ टक्के मद्यार्क असतो. तिच्या ४५ मिलिलिटरमध्येही जवळजवळ तेवढाच भरतो. यकृताला पेल्याचा आकार दिसत नाही आणि द्राक्षाचे कुलगोत्रही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात बसविले. आणि आरोग्याला निर्धोक म्हणावी अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही, असे त्या संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले. रोज एक पेला हृदयाला हितकर, ही जी गोड समजूत चव घेण्याच्या दालनांत अजूनही पसरवली जाते, तिचा आधार असा कधीच ढासळला आहे.

यावर काही विद्वान आयुर्वेदाकडे धाव घेतात. आपल्याकडे द्राक्षासव नव्हते काय, सोमरस नव्हता काय, असे ते विचारतात. द्राक्षासव होते आणि आहे. परंतु ते वैद्याने रोग्याची प्रकृती पाहून, जेवणानंतर, समभाग पाण्यातून, चमच्याने मोजून द्यायचे औषध आहे. द्राक्षासवाच्या चवीची सहल कोणा वैद्याने काढल्याचे ऐकिवात नाही. परंपरेतील एक शब्द उचलायचा आणि त्या शब्दामागचा संयम मात्र टाकून द्यायचा, हा परंपरेचा अभिमान नसून तिचा बाजार आहे.

आता शेतकऱ्याच्या नावाने चालणाऱ्या युक्तिवादाकडे वळू. राज्य शासनाने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारले, उत्पादन शुल्कात दहा वर्षांची माफी दिली. पुढे तर २० टक्के विक्रीकरापैकी १६ टक्के रक्कम उद्योगाला परत देण्याची योजना आली. या सर्वांमागे सांगितलेले कारण एकच होते: द्राक्ष बागायतदाराचे हित. ते कितपत साधले? लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात जिद्दी शेतकऱ्यांनी दुष्काळाशी झुंजत द्राक्षबागा उभ्या केल्या आहेत. त्यांची द्राक्षे खाण्याची आहेत. थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन या घराण्यांची. चांगल्या वाइनला लागतात ती लहान मण्यांची, जाड सालीची, बियांची वेगळीच वाणे. म्हणजे औशाच्या बागायतदाराने वाइनरीच्या आशेवर राहायचे, तर उभी बाग काढून नवी लावायची, ती फळाला येईपर्यंत थांबायचे आणि मग खाण्याच्या बाजारात ज्याला गिऱ्हाईक नाही असा माल घेऊन एकाच खरेदीदाराच्या दारात उभे राहायचे. त्या दारात काय होते, याचा अनुभव नाशिकच्या शेतकऱ्यांनी घेतला आहे. २००८च्या जागतिक मंदीनंतर मागणी कोसळली, माल घेणारे मागे सरले आणि अनेकांनी मोठ्या आशेने लावलेल्या वाइनच्या वेली स्वतःच्या हातांनी उपटून टाकल्या. राज्यात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी बहुतांश द्राक्षे खाण्यासाठी विकली जातात, त्याखालोखाल बेदाण्याकडे जातात. वाइनच्या वाट्याला येणारा भाग अगदीच अल्प आहे. त्या अल्प भागाला सवलतींचे छत्र आणि उरलेल्यांना गारपिटीचे आकाश, असा हा न्याय आहे. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी मराठवाड्यातील बागा झोडपल्या, तेव्हा त्या उद्ध्वस्त बागांत फेरी मारायला कोणी पर्यटक आले नव्हते.

फेरीच्या शेवटी पर्यटकांना सज्जावर नेऊन सूर्यास्त दाखवतात. समोर गंगापूर धरणाचे पाणी चमकत असते. नांदेडच्या मनुष्याने त्या पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. ते गोदावरीचे पाणी आहे. हीच नदी पुढे जायकवाडीत थांबते आणि नांदेडला विष्णुपुरीच्या जलाशयात येऊन त्या शहराची तहान भागवते. २००५च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व मान्य केले. तरीही जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची वेळ आली की दर वेळी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. २०२३च्या ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हाही नाशिक-नगरकडून विरोध झालाच. आणि लातूरने तर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली रेल्वे पाहिली आहे. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला की, मद्यनिर्मिती कारखान्यांचे पाणी आधी ५० आणि पुढे ६० टक्क्यांनी तोडा. माणसे हंडे घेऊन रांगेत उभी असताना मद्याच्या कारखान्यांचे पाणी तोडण्यासाठी न्यायालयाला सांगावे लागते, यापेक्षा शासनाच्या विवेकाची अधिक विदारक परीक्षा कोणती असू शकेल?

न्यायाने बोलायचे तर ठिबकवरची द्राक्षवेल उसाच्या मानाने फार थोडे पाणी पिते, हेही सांगितले पाहिजे. केवळ नाशिककडे बोट दाखवून आम्हा मराठवाडेकरांची सुटका नाही. मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात ऊस वाढला तो आमच्याच नेत्यांच्या आशीर्वादाने. साखर कारखान्यांच्या मळीतून मद्यार्क निघतो, नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ मद्यार्काचा मोठा कारखाना उभा राहिला, तोही याच भूमीवर. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे काळे, उग्र वासाचे सांडपाणी दाखवायला मात्र कोणी मार्गदर्शक ठेवत नाही. मद्याच्या धंद्याला दोन तोंडे आहेत. सुगंधी तोंड पर्यटकांसाठी, दुर्गंधी गावकऱ्यांसाठी.

कायद्यालाही अशीच दोन तोंडे आहेत. किनवट-माहूरच्या रानात मोहाची झाडे आहेत. तेथील वनवासी बांधवांच्या पूजेत आणि सणावारात मोहाच्या फुलाला शतकानुशतके स्थान आहे. त्या फुलापासून झोपडीत गाळलेली दारू ही 'हातभट्टी' ठरते. पोलीस येतात, मडकी फोडतात, रसायन जमिनीवर ओततात, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते. तोच फळाफुलांच्या आंबवणीचा उद्योग पोलादी टाक्यांत केला की तो 'प्रक्रिया उद्योग' ठरतो आणि त्याचेही छायाचित्र येते, पण पर्यटनाच्या पुरवणीत. हातभट्टी चालू द्यावी असे आम्हांस मुळीच म्हणायचे नाही. हातभट्टीने किती संसार उद्ध्वस्त केले ते मराठवाड्यातील प्रत्येक गाव जाणते. एका मद्याला लाज आणि दुसऱ्याला प्रतिष्ठा वाटणारे शासन कोणत्या नैतिक अधिकाराने वनवासी स्त्रीला मद्यपानाचे दुष्परिणाम शिकवणार, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आपल्या राज्यघटनेचे ४७वे कलम औषधी प्रयोजन वगळता मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्नशील राहावे असे सांगते. राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे आणि पिणाऱ्याने परवाना बाळगावा अशी अपेक्षा ठेवतो. दुकान बंद करायचे तर गावच्या बाया सह्या गोळा करतात, धमक्या सोसतात, निम्म्याहून अधिक महिला मतदारांना घराबाहेर काढून 'आडव्या बाटली'वर शिक्का मारून घेतात, तेव्हा कुठे एक दुकान बंद होते. बाटली आडवी करायला एवढे कष्ट. उभी करायला मात्र मंत्रिमंडळाची एक बैठक पुरते.

येथे स्वकीयांशीही स्पष्ट बोलले पाहिजे. २७ जानेवारी २०२२ रोजी तेव्हाच्या आघाडी सरकारने सुपरमार्केट आणि मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय घेतला. महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होऊ देणार नाही, अशी गर्जना तेव्हाच्या विरोधकांनी केली आणि ती योग्यच होती. जनमताच्या रेट्यापुढे तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही. पुढे गर्जना करणारे सत्तेवर आले. आणि २०२४च्या आरंभी वाइन उद्योगाला विक्रीकराचा परतावा देणारी योजना पुढे चालू ठेवण्याचा निर्णय झाला. किराणा दुकानातील वाइन हे संस्कृतीवरचे संकट आणि तिजोरीतून दिलेला परतावा हा उद्योगविकास, हे गणित सामान्य कार्यकर्त्याने कसे सोडवावे? संस्कृतिरक्षणाची भाषा विरोधी बाकांवर शोभते आणि सत्तेच्या खुर्चीत अडचणीची होते, असा समज जनतेत रुजला, तर त्याची किंमत एका पक्षाला नव्हे, त्या भाषेलाच मोजावी लागेल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. वाइन विकायची तर ती मद्य म्हणून विकावी, मद्य म्हणून तिच्यावर कर लावावा आणि घेतलेला कर परत करू नये. वाइनरीच्या फेऱ्यांना कृषी पर्यटनाचा टिळा लावणे बंद करावे. चव घेण्याच्या दालनात लहान मुलांना प्रवेश नसावा आणि मद्याने होणाऱ्या रोगांची माहिती तेथे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लावलेली असावी. परताव्यावर जाणारा पैसा औसा आणि तासगावच्या बागायतदारांसाठी शीतगृहे, बेदाण्याच्या शेड, गारांपासून वाचवणारी जाळी आणि वेळेवर मिळणारा पीकविमा यांवर खर्चावा.

आणि ज्यांना द्राक्षांची बाग पाहायचीच आहे, त्यांनी अवश्य पाहावी. फेब्रुवारीत औसा तालुक्यात जावे. छाटणीपासून तोडणीपर्यंत रात्रीचा दिवस करणारा शेतकरी तेथे स्वतः मार्गदर्शक होईल. औषधांचा खर्च, मजुरांची टंचाई, व्यापाऱ्याने बुडवलेले पैसे, विहिरीची खोली हे सारे तो न विचारता सांगेल. निरोप देताना तो पाहुण्यांच्या हाती द्राक्षांचा घड ठेवील. त्याची गोडी लहान लेकरापासून वृद्ध आजीपर्यंत सर्वांना चाखता येते, आणि ती चाखून घरी परतलेल्या माणसाची त्याच्या घरात कोणाला भीती वाटत नाही.