झाकली मूठ आणि उघडा कान

ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या तारेविषयी साहित्याच्या अभ्यासकांनी काही म्हणावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पण काही तारा अशा आहेत की त्यांत वीज कमी आणि भाषा अधिक वाहते. म्हणून हा प्रपंच.

अमेरिकेतील एमआयटी आणि ट्रान्सपरंट या कंपन्यांच्या अनेक केबलींवर एक बंद पेटी बसवलेली असते. तिला 'नेटवर्क' म्हणतात. वरच्या श्रेणीतील केबलींची किंमत हजारो डॉलरांत जाते. अशा पेट्या ज्यांनी फोडून पाहिल्या त्यांना आत कपॅसिटर, रेझिस्टर, तारेची वेटोळी असा परिचित ऐवज आढळला. असे सुटे भाग कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ भावात मिळतात. ऑडिओक्वेस्ट या कंपनीने तर काही केबलींना ७२ व्होल्टची बॅटरी जोडली. या बॅटरीचे मंडल पूर्ण होत नाही, संगीताच्या प्रवाहाशी तिचा थेट संबंध येत नाही. तारेभोवतीचे आवरण विद्युतक्षेत्रात ठेवल्याने ध्वनी सुधारतो, असा कंपनीचा दावा आहे.

पेटीतील घटक काहीच करत नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. वेटोळे आणि कपॅसिटर यांची जोडणी म्हणजे एक गाळणी. ती वरच्या कंपनसंख्यांना अडवते. मात्र येथेच पेच उभा राहतो. ही गाळणी जर २०,००० हर्ट्झच्या पलीकडे काम करत असेल, तर मानवी कान तेथवर पोचत नाही. ती त्याच्या अलीकडे काम करत असेल, तर मूळ ध्वनी जसाच्या तसा पोचवण्याची प्रतिज्ञा मोडली; जे काम ॲम्प्लिफायरवरची टोनची कळ फुकट करते तेच येथे मोठे मोल घेऊन केले गेले.

साध्या तारेची बाजूही पाहावी. तांब्याची १२ गेजची तीन मीटर तार घेतली, तर जाण्यायेण्याच्या वाटेचा एकूण रोध सुमारे ०.०३ ओहम भरतो. समोरचा स्पीकर सहसा आठ ओहमचा असतो. यातून होणारी घट डेसिबलच्या काही शतांशांपुरती, म्हणजे कानाला न कळणारी आहे.

मग विकले काय जाते? आमच्या मते, विशेषणे. 'पडदा दूर झाला', 'काळोख अधिक गडद झाला', 'वादकांमधली हवा ऐकू आली' अशा धाटणीची वाक्ये या वस्तूंच्या परीक्षणांत नित्य भेटतात. एमआयटी आपल्या केबलींची प्रतवारी 'पोल्स ऑफ आर्टिक्युलेशन'च्या संख्येवरून लावते. संज्ञा शास्त्राची वाटते, संख्येमुळे मोजमापाचा भास होतो, आणि पेटी बंद असल्याने पडताळणीची वाट खुंटते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण इतकी शब्दशः क्वचितच खरी ठरली असेल.

शंका घेणाऱ्यास उत्तर मिळते ते असे: तुमचा कान अजून तयार नाही. हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. सहृदय रसिकाची कल्पना आपल्या काव्यशास्त्राचे मोठे संचित आहे. पण तिचा उपयोग प्रश्नकर्त्याला अरसिक ठरवून गप्प करण्यासाठी झाला की ती कल्पना राहत नाही, पहारेकरी होते.

कानाची कसोटी घेण्याचा उपाय जुना आहे. 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकाने १९८३ मध्ये नावे लपवून स्पीकरच्या तारांची चाचणी घेतली. फार बारीक तार वेगळी ओळखता आली. पण पुरेशी जाड साधी तार आणि महागडी तार यांतला भेद संगीत ऐकताना श्रोत्यांना खात्रीने सांगता आला नाही. साहित्यातही असा प्रयोग झाला आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे काढून कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि त्यांच्या प्रतिक्रिया १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये मांडल्या. डन, हॉपकिन्स यांना नाकारणारे आणि दुय्यम पद्यावर लुब्ध होणारे अनेक निघाले. त्यांची कुचेष्टा करणे हा रिचर्ड्स यांचा हेतू नव्हता. वाचन कोठे आणि का चुकते, हे त्यांना पाहायचे होते.

महाग केबल जोडल्यावर एखाद्याला गाणे अधिक सुंदर वाटले, तर तो खोटे बोलत आहे असे आम्ही मानत नाही. अपेक्षा, किंमत, बोलबाला हे सारे ऐकण्यात मिसळतेच, जसे कवीचे नाव वाचण्यात मिसळते. तो आनंद खरा असतो. त्याचे श्रेय पेटीला देणे मात्र सिद्ध करावे लागते. ही जबाबदारी ग्राहकाची नसून परीक्षण लिहिणाऱ्याची आहे. वस्तू उघडून पाहण्याची, नाव झाकून ऐकण्याची तसदी न घेता जो केवळ विशेषणे रचतो, तो समीक्षक उरत नाही, विक्रेत्याचा लेखनिक होतो.

आपल्या क्षेत्रातही अशा बंद पेट्या कमी नाहीत. प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर, पारिभाषिक संज्ञांनी जड झालेले लेख हे सारे वाचताना विद्यार्थ्याने एक प्रश्न निःसंकोच विचारावा: हे विधान खोटे असते, तर ते कशावरून कळले असते? ज्या वर्गात या प्रश्नाला अरसिकपणा म्हटले जात नाही, तेथे समीक्षेचे शिक्षण सुरू झाले असे आम्ही समजतो.